वासाचीच फुलं

हॉलमध्ये टीव्हीशेजारी निशिगंधाचे चार दांडे पितळी तांब्यात उभे दिसले, तेव्हा मी आधी भिंतीकडे पाहिलं. कुणाचा फोटो नव्याने लागलाय की काय, अशी शंका आली. आमच्याकडे फुलं येतात ती देवाला, बायकांच्या केसांत, नाहीतर गेलेल्या माणसाच्या फोटोला. नुसती बघायला म्हणून फुलं आणून ठेवायची पद्धत धुळ्यात आमच्या घरी तरी कधी नव्हती. देवपुरात हे घर बांधून पंचवीस वर्षं झाली, तेवढ्या काळात त्या तांब्यात पाण्याशिवाय काही पडलं नव्हतं.

"हाई काय?" मी बायकोला विचारलं.

"घर कसं उजळी गयं, देखा ना," ती म्हणाली. "मोबाइलमा दखाडतस. ताजा फुलं ठेवाले सांगतस."

ती अमळनेरची. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तरी घरात आम्ही दोघं अहिराणीच बोलतो. मुलगा, सून पुण्याहून आले की मात्र तिची मराठी एकदम कडक इस्त्रीची होते. मोबाइलवर ती काय काय बघते हे मला माहीत होतं. लोणची, पायदुखीवरचे व्यायाम, कुणाच्या तरी मुलीचं लग्न. घर सजवायचं खूळ त्यात कुठून शिरलं, ते कळेना.

मी एसटीत तिकीट तपासनीस होतो. रस्त्यात मध्येच गाडी थांबवायची, पुढच्या दाराने चढायचं आणि शेवटच्या सीटपर्यंत एकेक तिकीट बघत जायचं, हे माझं आयुष्यभराचं काम. निवृत्त झालो, पण डोळा निवृत्त झाला नाही. भाजीवाल्याचा काटा, सिलिंडरचं सील, डेअरीची पिशवी, सगळं मी उलटसुलट करून बघतो. बायको म्हणते, "तुम्हले बठ्ठामाच खोट दिसस." सगळ्यातच खोट दिसते, हे तिचं खरं आहे. पण खोट असते म्हणून दिसते, असं मी तिला सांगतो आणि आमचं भांडण तिथेच मिटतं.

तर निशिगंध आले ते चार दिवसांनी गेले आणि त्यांच्या जागी ताजे आले. पाठोपाठ फ्रिजवर काचेच्या वाडग्यात सोनचाफा तरंगायला लागला. आमच्या पलंगाशेजारी वाटीत मोगरा. पुढच्या खोलीच्या खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून, जॅमच्या बरणीत तीन गावठी गुलाब. महिनाभरात असं झालं की, आमच्या घरात कुठल्याही खोलीत जा, फूल आधी तुमच्याकडे बघणार. खोटं कशाला बोलू, घर छान दिसत होतं. चुना उडालेली भिंतसुद्धा गुलाबामागे बरी वाटायची. मला नेमका त्याचाच राग येत होता. ज्या गोष्टीचं कारण कळत नाही ती सुंदर असेल तर मला जास्तच खुपते.

माझा संशय एका दुपारी पक्का झाला. मी पेपर तोंडावर घेऊन आरामखुर्चीत पडलो होतो. मी झोपलोय असं समजून ती मुलाशी फोनवर बोलत होती, इस्त्रीच्या मराठीत. "दिवाळीपर्यंत बघू. नाहीच जमलं तर घर बंद करावं लागेल, ते मलाही समजतं. पण बाबांना इतक्यात सांगू नको."

मी पेपराआड तसाच पडून राहिलो.

हे घर मी बांधलंय. नुसतं पैसे देऊन नाही. रात्रपाळी करून सकाळी येऊन मी भिंतींवर पाणी मारलं आहे. आधी दोन खोल्या झाल्या, मग स्वयंपाकघर, मग मुलगा दहावीला गेला तेव्हा वरची खोली. पांझरा नदीपलीकडे तेव्हा इतकी घरं नव्हती, दारात उभं राहिलं की कॉलेजची पोरं सायकलवरून जाताना मोजता यायची. मुलगा पुण्याला गेला, तिथे फ्लॅट घेतला आणि दर सुट्टीत एकच पालुपद लावायचा, "बाबा, आता दोघंच तिथे कशाला राहता?" मी दर वेळी सांगायचो की, या घरातून मी जाणार नाही, नेलं तर चौघांनी उचलून न्यावं लागेल. तो हसायचा. आता कळलं की तो विषय माझ्यासमोर थांबला होता, माझ्यामागे नाही.

घर विकायला काढलंय, आणि माझी बायको त्यात सामील आहे. एवढं एक गृहीत धरलं की, फुलांचा सगळा हिशेब जुळत होता. पुण्याकडे म्हणे घर दाखवायच्या आधी सजवतात. पडदे बदलतात, फुलं ठेवतात, फोटो काढतात. फोटो तर ती काढतच होती! रोज सकाळी एकेका भांड्यासमोर वाकून मोबाइल धरायची, फोटो काढायची आणि लगेच कुणाला तरी पाठवायची. मी जवळ गेलो की, मोबाइल पदराखाली.

मग मला तिकीट सापडलं. ती माहेरी, अमळनेरला भावाकडे, जाते म्हणून सकाळी निघाली होती आणि संध्याकाळी परत आली होती. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून किल्ली काढायला सांगितली. किल्लीबरोबर चुरगळलेलं तिकीट हाताला लागलं. तिकीट हातात आलं की, मी ते वाचतोच, माझा इलाज नाही. धुळे ते जळगाव. अमळनेरची गाडी वेगळी, रस्ता वेगळा. जळगावला आमचे व्याही राहतात आणि त्यांचा धंदा प्लॉट आणि घरं घ्यायच्या-विकायच्या व्यवहारांचा. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

मी तिला काही बोललो नाही. गाडीतसुद्धा मी कधी घाई केली नाही. बिनतिकीट माणूस ओळखला तरी त्याच्याकडे शेवटी जायचं, तोवर तो स्वतःहूनच खिडकीबाहेर बघायला लागतो. तिकीट मी पुन्हा पिशवीत टाकलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.

त्या दिवसांत मी काय काय पाहिलं हे आता आठवलं की, माझ्या डोळ्यांना काय म्हणावं हेच कळत नाही. भरताचं वांगं गॅसवर ठेवून ती शेजारी कोथिंबीर निवडत बसायची आणि वांगं आत कोळसा होईपर्यंत उठायची नाही. काळा मसाला भाजताना खोबरं दोनदा करपलं. हा मसाला करायला गल्लीतल्या बायका तिला बोलवायच्या. नुसत्या वासावर ती सांगायची की धणे उतरव, मिरची अजून ठेव. जेवताना सारखं विचारायची, "मीठ बराबर शे का?" मी मनात म्हणायचो, मन ठिकाणावर नाही, पुण्याला गेलंय. दुपारच्या त्या फोनच्या आठवडाभर आधी एकदा मी बाजारातून आलो तर दारातच गॅसचा वास आला. बटण अर्धवट फिरलेलं होतं आणि ती ओट्यापासून चार हातांवर पाटावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि इतका ओरडलो की, शेजारचे भाऊ विचारायला आले. ती उठली आणि बटण पुन्हा एकदा चाचपून बघून आली. ते मी पाहिलं, आणि माझ्या ओरडण्यामुळे घाबरली असेल, अशी समजूत करून घेतली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त धक्का बसला तो परडीमुळे. सकाळी देवपूजेआधी ती परडी घेऊन देवघरासमोर उभी होती. तिने त्यातला मोगरा उचलला, नाकाला लावला, डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग दुसरा. मग जास्वंद सोडून सगळी एकेक करून. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. नातीने एकदा देवाच्या झेंडूचा वास घेतला म्हणून हिने तिला अर्धा तास सोवळं समजावून सांगितलं होतं. तीच बाई आता देवाची सगळी परडी हुंगत होती. देवापाशीही जी लबाडी करते ती माझ्यापाशी काय करणार नाही, असं माझ्या मनात आलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

मी तपास सुरू केला. फुलं येत होती पुलाजवळच्या चाचांकडून. त्यांचं घराणंच फुलवाल्यांचं. लग्नाचे सेहरे, दर्ग्याच्या चादरी आणि मारुतीचे हार एकाच पाटावर बसून ओवणारे. मी नोकरीत असताना कधीमधी त्यांच्याकडून साहेबांच्या सत्काराचे हार घेतले होते, तेवढी ओळख. मी सहज गेल्यासारखं दाखवून उभा राहिलो.

"आमच्या घरी हल्ली बरीच फुलं येतात," मी म्हणालो.

"भाभींची निवड वेगळीच आहे, साहेब," चाचा सुईत दोरा ओवत म्हणाले. "मी जरबेरा दाखवला, मोठा, लालभडक. दिवाणखान्यात ठेवा, आठ दिवस टिकेल, म्हटलं. हातसुद्धा लावला नाही. म्हणतात, वासाचीच फुलं द्या. कोमेजलेली असली तरी चालतील, पण वास पाहिजे."

"आणखी काय म्हणतात?"

चाचांनी माझ्याकडे वर बघितलं. "घ्यायच्या आधी मलाच विचारतात, चाचा, याला वास आहे ना? मी म्हणतो, भाभी, तुम्हीच घेऊन बघा ना. तर हसतात. म्हणतात, तुम्ही सांगा."

एवढं समोर वाढून दिलेलं ताटसुद्धा मला दिसलं नाही. मी काय निष्कर्ष काढावा? गिऱ्हाईक घरात शिरल्याबरोबर दरवळ आला पाहिजे, म्हणून वासाचीच फुलं. आयुष्यभर मी माणसांच्या हातातलं तिकीट बघत आलो, हात कुणाचा आहे ते बघायची सवयच मला लागली नाही.

दिवाळीला तीन आठवडे राहिले होते. मला तिला रंगेहाथ पकडायचं होतं. मी विचार केला, फुलं जर नुसती फोटोसाठी आणि देखाव्यासाठी असतील, तर खरी काय आणि खोटी काय, तिला काही फरक पडणार नाही. खोटी ठेवून बघू. ती तसाच फोटो काढून पाठवेल, आणि मग मी विचारेन की, बाईसाहेब, हा देखावा कुणासाठी? मग तिला खरं सांगावंच लागेल.

आग्रा रोडवर एका दुकानातून मी तीन गुलाब आणले. हल्ली ही फुलं इतकी हुबेहूब करतात की, पाकळीवरची शीरसुद्धा दिसते. गावठी गुलाबाचा तो फिका गुलाबी रंग नेमका मिळाला. मी नाकाला लावून पाहिलं, नव्या चपलेसारखा वास होता. सकाळी ती आंघोळीला गेल्यावर खिडकीतले खरे गुलाब काढून मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले आणि हे तीन बरणीत ठेवले. वरून पाण्याचे चार थेंब शिंपडले. मग पेपर घेऊन आरामखुर्चीत बसलो. इतका मन लावून केलेला तपास मी नोकरीतही केला नव्हता.

ती आली. केस टॉवेलात बांधलेले. आधी निशिगंधापाशी गेली, चष्मा काढून हातात धरला, कारण वाकलं की चष्मा फुलाला लागतो. वाकली. मी पेपराच्या कडेवरून बघत होतो. ती नुसती हुंगत नव्हती. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, एखादं विसरलेलं नाव आठवावं तशी उभी होती. एक मिनिट, दोन मिनिटं. मग सरळ झाली, मोबाइलमध्ये फोटो काढला, काहीतरी टाइप केलं. सोनचाफ्यापाशी तेच. मला पहिल्यांदाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. देखाव्यासाठी फुलं ठेवणारी बाई अशी उभी राहत नाही.

मग ती खिडकीपाशी आली. गुलाबांवर वाकली. हात पाठीमागे, कारण गावठी गुलाबाला काटे फार. डोळे मिटले, श्वास घेतला. थांबली. पुन्हा घेतला.

"अहो!" ती ओरडली. "आठे या! पयले आठे या!"

मी उठलो.

"वास उना! माले वास उना!"

वास आला, वास आला, म्हणत होती ती. तिचा चेहरा मी कसा सांगू? पस्तीस वर्षांत तो चेहरा मी दोनदाच पाहिला असेल, एकदा मुलगा झाला तेव्हा आणि एकदा या घराच्या दारात पहिलं तोरण बांधलं तेव्हा. ती रडत होती आणि हसत होती. माझा दंड धरून ती भडाभडा सगळं सांगायला लागली. फाल्गुनात तिला ताप आला होता, तो गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. सात महिने झाले, तिला कशाचाच वास येत नव्हता. फोडणीचा नाही, साबणाचा नाही, गॅसचाही नाही. जेवणाची चव निम्मी गेली होती. व्याह्यांच्या ओळखीचे नाक-कानाचे डॉक्टर जळगावला होते, त्यांना ती दोनदा दाखवून आली. ते म्हणाले, यावर फार औषध नाही. ओळखीचे उग्र वास रोज सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन घेत राहा, आठवत राहा, येईल तर हळूहळू येईल. डब्यांत लवंगा नि कापूर घेऊन हुंगत बसली असती तर मी विचारलं असतं. म्हणून तिने फुलं आणली. घर उजळायला फुलं ठेवली म्हटलं की, नवऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही, असं तिला वाटलं होतं.

मला का सांगितलं नाही? तर मी दिवसातून दहा वेळा विचारलं असतं, आला का, आला का. आणि त्या गॅसच्या दिवसानंतर मुलगा घाबरला होता. त्याने स्पष्ट सांगितलं होतं की, दिवाळीपर्यंत आईचं नाक आलं नाही तर त्या घरात दोघांना एकटं ठेवणार नाही, कुलूप लावायचं आणि पुण्याला यायचं. तिनेच त्याच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. हे घर सोडून तुझे बाबा जगणार नाहीत, असं तिने त्याला सांगितलं होतं.

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मुलाला पाठवलेल्या फोटोंची रांग होती. निशिगंध, खाली एक शब्द: नाही. सोनचाफा: नाही. मोगरा: नाही. गुलाब: नाही. मी अंगठ्याने वर वर सरकवत गेलो, रांग संपेना. दोन महिन्यांचे रोजचे फोटो आणि प्रत्येकाखाली तेच. कुठे कुठे मुलाने उत्तर दिलं होतं, "उद्या येईल, आई."

"द्या आठे," ती म्हणाली आणि मोबाइल माझ्या हातातून घेतला. तिने डोळे पुसले आणि मुलाला फोन लावला. आधी फोटोसुद्धा काढला नाही. तिला ही बातमी तोंडाने सांगायची होती.

फोनची रिंग मला ऐकू येत होती. मी गप्प बसलो असतो तर घर वाचलं असतं. एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. नंतर माळ्यावरचे खरे गुलाब बरणीत ठेवले असते, कुणाला काही कळलं नसतं. मुलगा म्हणाला असता, छान झालं, राहा तिथे. आणि माझी बायको, आपलं नाक आलंय अशा भरवशावर, गॅसपाशी उभी राहिली असती. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. तिला खरं सांगायची भीती आणि न सांगायचीही.

मी तिच्या हातातला मोबाइल घेऊन फोन बंद केला.

"ते फूल प्लास्टिकनं शे," मी म्हणालो.

ती आधी हसली. मी थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग माझ्याकडे नीट बघून तिने चष्मा लावला, खिडकीकडे वळली आणि एक पाकळी चिमटीत धरली. तिने ती दाबून पाहिली. दुसरी दाबून पाहिली. पाण्यात बोट घालून तिने दांडा बाहेर ओढला, त्यातली हिरवी तार खाली उघडी पडली होती.

"कोन्ही ठेवं हाई?"

"मी."

"कसाले?"

तुम्ही घर विकताय असं वाटलं, मी म्हणालो. तिकीट सापडल्याचं सांगितलं, पेपराआडून ऐकलेलं सांगितलं, चाचांकडे गेलो होतो तेही सांगितलं. सांगताना माझं मलाच ते किती घाण वाटत होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोचा मी असा तपास केला होता. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आरामखुर्चीत बसली, माझ्याच पेपरावर, आणि ते फूल मांडीवर धरून बघत राहिली.

"माले इचारी लेवानं व्हतं," ती म्हणाली.

"मग सांगं असतं का तू?"

तिने खरंच विचार केला. "नही," ती म्हणाली.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. तिने मान हलवली, मीच उचलला. मी त्याला म्हणालो की मला सगळं कळलंय. आईचं नाक अजून आलेलं नाही, हेही सांगितलं. पलीकडून त्याने हळूच विचारलं, "मग बाबा, दिवाळीनंतर...?"

"माझं नाक चांगलं आहे," मी म्हणालो. "तिचं येईपर्यंत माझं वापरू. ती ओट्याशी असेल तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात पाटावर बसेन. करपलं तर सांगेन, गॅस सुटला तर सांगेन. मला दुसरं काम काय आहे?"

"रोज? तीन वेळा?"

"चहाचं धरून पाच वेळा."

तो हसला नाही. अडाण्यासारखं बोलू नका, असंही म्हणाला नाही. म्हणाला, स्वयंपाकघरात गॅस सुटला की वाजणारं यंत्र मिळतं, ते घेऊन दिवाळीला येतो, आल्यावर सगळे बसून बोलू. त्याने हो म्हटलेलं नव्हतं. पण कुलपाची भाषाही पुन्हा केली नाही. मी फोन ठेवला.

माळ्यावरून कागदाचं पुडकं काढून मी खरे गुलाब खिडकीतल्या बरणीत परत ठेवले. तासाभरात ते जरा मलूल झाले होते. त्यांचा वास मला स्पष्ट येत होता, आणि तो आपल्यालाच येतोय याची मला लाज वाटत होती. ती तिथेच बसून होती. प्लास्टिकचं फूल तिने पुन्हा नाकाशी नेलं, डोळे मिटले, मग खाली ठेवलं.

"पन माले वास उना व्हता," ती म्हणाली.

गुलाबाचा वास येणं शक्य नव्हतं. मी ते फूल दुकानात स्वतः हुंगून आणलं होतं, तसं मी तिला सांगू शकलो असतो. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि विचारलं, "कसा व्हता?"

आपला पदर तिने बोटाभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला.

"थोडाच व्हता," ती म्हणाली. "पन व्हता."